मिलान ते ओस्तिया: ऑगस्टीनच्या मागावर सहा दिवस, आणि एक जुन्या गोव्यात

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत आणि बिशप संत ऑगस्टीन याच्या आयुष्यातल्या जागांची ही सहल मंगळवारी सुरू करावी. रोमचे जुने बंदर असलेल्या ओस्तियाचे उत्खनन सोमवारी बंद असते, पावियाच्या वाटेवरचा चेर्तोझा मठही सोमवारी बंद. मंगळवारी मिलानमध्ये उतरले की ओस्तिया रविवारी येते आणि कुठेच बंद दारापुढे उभे राहावे लागत नाही. फक्त तो महिन्याचा पहिला रविवार नसावा. त्या दिवशी सरकारी संग्रहालये आणि उत्खनने फुकट असतात, आणि गर्दीत एक शिलालेखही धड वाचता येत नाही.

हंगाम एप्रिलअखेरचा उत्तम. संत ऑगस्टीनचा सण २८ ऑगस्टला आणि त्याची आई मोनिका हिचा २७ला असतो, पण ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर जाते. सण गाठायचा असेल तर उकाडा आणि खाली ओढलेली शटरे दोन्ही पत्करावी लागतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा.

सोबत त्याचे आत्मकथन ‘कन्फेशन्स’ घ्यावे, पण तेरा भाग वाटेत वाचायचा हट्ट धरू नये. या वाटेला पाच पुरतात. चौथ्यात मित्राचा मृत्यू आहे. सहाव्यात मिलान, बिशप अँब्रोज आणि नाव नसलेली ती बाई. आठव्यात बागेतले मनपरिवर्तन. नवव्यात कासागोतले शेतघर, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि आईचे मरण. दहाव्यात ते एक वाक्य, ज्यावरून पुढे मोठा वाद पेटला. माणसांवरची माया आणि देवावरचे अवलंबून असणे यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न ख्रिस्ती विचारात याच्याइतका कुणी सोलून काढलेला नाही. या प्रश्नाचे पत्ते आजही सापडतात, म्हणून ही सहल.

पहिला दिवस, मंगळवार: मिलान, सांत’आंब्रोजो

पहिल्या दिवशी कॅथेड्रलकडे फिरकूही नये. मेट्रोच्या हिरव्या एम-२ मार्गावर सांत’आंब्रोजो नावाचेच स्थानक आहे. तिथे उतरून समोरच्या विटांच्या बासिलिकेत जावे. दुपारी ती काही तास बंद असते, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास किंवा तीननंतर जाणे बरे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. हा नियम इटलीतल्या सगळ्याच चर्चना लागू आहे. बॅगेत एक ओढणी किंवा उपरणे ठेवले की सहाही दिवस भागते.

मुख्य वेदीखालच्या तळघरात काचेच्या पेटीत तीन देह आहेत. मधला अँब्रोजचा, दोन बाजूंना गेर्वासिउस आणि प्रोतासिउस हे दोन हुतात्मे. त्यांच्या अस्थी अँब्रोजने ३८६ मध्ये शोधून काढल्या. ऑगस्टीन तेव्हा याच शहरात होता. ३५४ साली थागास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या सूक अहरास इथे, जन्मलेला हा वक्तृत्वाचा शिक्षक ३८४ मध्ये मिलानला आला. अँब्रोजची प्रवचने तो ऐकायला जाई ती आशयासाठी नव्हे, शैली तपासण्यासाठी. आशय मागच्या दाराने आत आला.

इथे मोनिकाची एक छोटी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आफ्रिकेतल्या रीतीप्रमाणे ती हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जाई. आपल्याकडे नैवेद्य नेतात तसेच. मिलानमध्ये द्वारपालाने तिला अडवले. अँब्रोजची बंदी होती, कारण अशा निमित्ताने लोक झिंगेपर्यंत पीत आणि जुन्या रोमन पितरांच्या सणाशीही ते फार मिळतेजुळते होते. मोनिकाने टोपली परत नेली, वाद घातला नाही. मुलाला याचेच नवल वाटले. आणखी कुणी सांगितले असते तर तिने इतक्या सहज ऐकले नसते, असे तो लिहितो.

अँब्रोजची दुसरी देणगी म्हणजे गाणे. ३८६ मध्ये राजमाता युस्तिना चर्च ताब्यात मागत होती आणि लोक रात्रंदिवस आत ठाण मांडून बसले होते. त्यांचा धीर सुटू नये म्हणून स्तोत्रे गायची प्रथा पडली. अँब्रोजच्या स्तोत्राचा साचा ठरलेला असतो: चार चरणांचे कडवे, अशी आठ कडवी, आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे. ‘दे-उस क्रे-आ-तोर ओम-नि-उम’ हे बोटांवर मोजून पाहावे. आपल्या छोट्या अभंगाचा चरणही आठ अक्षरांचाच, आणि कारणही एकच असावे: जे लोकांनी मिळून म्हणायचे ते एका श्वासात बसले पाहिजे. हा चरण लक्षात ठेवा, ओस्तियात तो पुन्हा भेटेल.

संध्याकाळी सहावा भाग वाचावा आणि पंधराव्या प्रकरणावर थांबावे. जिच्याशी ऑगस्टीनने तपाहून अधिक काळ संसार केला, जिच्यापासून त्याला अदेओदातुस हा मुलगा झाला, तिला ३८५ च्या सुमारास आफ्रिकेला परत धाडण्यात आले, कारण तोलामोलाचे लग्न ठरत होते. ठरलेली मुलगी कायद्याने लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षे कमी होती. परत जाणाऱ्या बाईने दुसऱ्या पुरुषाचे तोंड न पाहण्याची शपथ घेतली. ऑगस्टीनने मात्र मधल्या काळासाठी दुसरी बाई ठेवली. आपले काळीज फाटले, रक्त वाहिले, असे तो लिहितो, पण तिचे नाव लिहीत नाही. प्रीतीच्या विचाराचा एवढा मोठा आचार्य या एका हिशेबात कायमचा देणेकरी राहिला, असे आमचे मत आहे. पुढच्या दिवसांत त्याची सुंदर वाक्ये वाचताना हे देणे विसरू नये.

दुसरा दिवस, बुधवार: कासागो ब्रिआन्झा

मिलान पोर्ता गारिबाल्दीवरून एस-७ ही मोल्तेनोमार्गे लेक्कोला जाणारी गाडी घ्यायची. मार्ग विजेचा नाही, गाडी डिझेलची आणि सावकाश. उतरायच्या स्थानकाचे नाव लांबलचक आहे: कासागो-निबिओन्नो-बुल्चागो. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: वारेसेजवळ कास्चागो नावाचे दुसरेच गाव आहे आणि तेही ऑगस्टीनवर हक्क सांगते, तिकीट काढताना नाव अक्षर-अक्षर वाचावे. दुसरी: कागदी प्रादेशिक तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घेतल्याशिवाय गाडीत चढू नये, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. परतीच्या गाडीची वेळ उतरताच टिपून ठेवावी.

ऑगस्टीन मित्राच्या ज्या शेतघरात राहिला त्या जागेला तो ‘कासिकियाकुम’ म्हणतो. या गावाच्या बाजूने त्या नावाशी जुळणारा उच्चार आहे, पण इटालियन कादंबरीकार मांझोनीने कास्चागोची बाजू घेतली होती. गावात ऑगस्टीनच्या नावाची पुरातत्त्व बाग आहे. भव्य काही नाही. दीड तासात पाहून होते, आणि उरलेला वेळ बाकावर बसून नववा भाग वाचण्यात घालवावा.

३८६ च्या शरदात ऑगस्टीन नोकरी सोडायच्या बेताने इथे वेरेकुंदुस या मित्राच्या शेतघरात राहायला आला. बरोबर मोनिका, अदेओदातुस, भाऊ नाविगिउस, जिवलग मित्र अलिपिउस, दोन चुलतभाऊ आणि लिसेंतिउस व त्रिगेतिउस हे दोन विद्यार्थी होते. एकांतात देव शोधायला निघालेला माणूस आठ जणांचे बिऱ्हाड घेऊन जातो, ही गोष्ट बारकाईने पाहावी. त्याच दिवसांत लिहिलेल्या स्वगतांत तो म्हणतो की मला फक्त देव आणि आत्मा जाणायचा आहे, दुसरे काही नाही. पण शेजारच्या खोलीत लिसेंतिउस फळी आपटून उंदीर हाकलतो आहे, स्नानगृहामागच्या पन्हळीचे पाणी मधेच थांबते आणि मधेच वाहते, आणि या आवाजावरून मध्यरात्री चर्चा पेटते. कारण सापडते ते साधे: शरदातली पाने गळून पन्हळीत अडकतात, पाणी तुंबते, मग जोर करून पाने ढकलते. जगात घडते त्याला क्रम आहे का, यावरचा त्याचा संवाद या तुंबलेल्या पन्हळीपासून सुरू होतो.

१३ नोव्हेंबरला त्याचा वाढदिवस. त्या निमित्ताने तीन दिवस ‘सुखी कोण’ यावर बोलणे झाले. मोनिका शिकलेली नव्हती, पण चर्चेत तिचे उत्तर दोनदा सगळ्यांच्या पुढे जाते, आणि मुलगा ते कबूल करतो. हवे ते मिळाले म्हणजे सुख, असे सगळे म्हणतात. ती म्हणते, चांगले ते हवे असेल आणि मिळाले तर सुख, वाईट ते हवे असेल तर मिळूनही दुःखच.

आणि दात. इथेच त्याचा दात इतका ठणकला की तोंडातून शब्द फुटेना. त्याने मेणाच्या पाटीवर लिहून सोबत्यांपुढे धरले: माझ्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी गुडघे टेकले आणि ठणका गेला. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. वक्तृत्वाच्या शिक्षकाची वाचाच गेली, आणि देवाकडची मागणी त्याला दुसऱ्यांच्या तोंडून करावी लागली. देवावर अवलंबून असणे त्याच्याकडे पहिल्यापासून माणसांच्या हातून आले. उद्याचा दिवस याचाच आहे.

तिसरा दिवस, गुरुवार: कॅथेड्रलच्या पोटात

दुओमो स्थानकावर एम-१ आणि एम-३ दोन्ही मार्ग येतात. तिकीट काढताना त्यात पुरातत्त्व विभाग आहे ना, हे पाहून घ्यावे. नुसत्या छताचे तिकीट घेतले तर खाली उतरता येत नाही. मुख्य दारातून आत गेल्यावर जवळच्या जिन्याने खाली उतरले की आपण चौकाच्या फरसबंदीखाली येतो आणि समोर सान जोव्हान्नी आल्ले फोन्ती या स्नानसंस्कारगृहाचे अवशेष दिसतात. उत्तरेकडे सांतो स्तेफानोचे दुसरे, जुने स्नानकुंडही होते. वर्णने वाचून आलेले लोक या दोन नावांत गोंधळतात. आपल्याला हवे ते मोठे आणि अष्टकोनी.

अष्टकोनच का? सृष्टीचे सात दिवस झाले, आणि ख्रिस्त उठला तो आठव्या दिवशी, म्हणजे नव्या सृष्टीच्या पहिल्या दिवशी. भिंतींना आठ बाजू, कुंडालाही आठ. ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री, २४ एप्रिलला, ऑगस्टीन, पंधरा वर्षांचा अदेओदातुस आणि अलिपिउस इथे उतरले.

विधी कसा होता हे अँब्रोजच्या नवदीक्षितांपुढच्या प्रवचनांवरून नीट जुळवता येते, आणि कठड्याला टेकून ते क्रमाने मनात आणावे. तयारी महिन्यांची. आधी नाव नोंदवायचे, मग उपवासकाळात रोजची शिकवण. त्या रात्री बिशप कानांना आणि नाकपुड्यांना स्पर्श करून ‘उघड’ म्हणतो. मल्लाला आखाड्यापूर्वी लावतात तसे अंगभर तेल. सैतानाला नकार दिल्यावर पूर्वेकडे तोंड. मग पाण्यात तीन प्रश्न: पित्यावर विश्वास ठेवतोस? प्रभू येशू ख्रिस्तावर आणि त्याच्या क्रुसावर? पवित्र आत्म्यावर? प्रत्येक वेळी ‘ठेवतो’ म्हणायचे आणि प्रत्येक वेळी पाण्याखाली जायचे. बाहेर आल्यावर डोक्यावर सुगंधी तेल. त्यानंतरची पायरी रोममध्ये नव्हती, मिलानची स्वतःची होती: बिशप आणि त्याचे धर्मगुरू नवदीक्षितांचे पाय धूत. रोम असे करत नाही हे अँब्रोजला ठाऊक होते. आम्हालाही अक्कल आहे, अशा थाटात त्याने ही रीत राखली. शेवटी पांढरे वस्त्र आणि वेदीकडे पहिली मिरवणूक.

सगळ्या क्रियापदांकडे लक्ष द्यावे. माणूस स्वतः फक्त एकच गोष्ट करतो, ‘ठेवतो’ म्हणतो. उघडणे, चोळणे, बुडवणे, धुणे, नेसवणे हे सारे दुसरा कुणी त्याच्यासाठी करतो. वसईकडचे कॅथलिक याला स्नानसंस्कार म्हणतात आणि प्रोटेस्टंट मंडळी बाप्तिस्मा. पहिल्या शब्दात स्नान आहे म्हणून फसू नये. हे स्नान आपले आपण करता येत नाही. कृपेबद्दल ऑगस्टीन पुढे चाळीस वर्षे जे लिहीत राहिला ते या कुंडात आधीच घडून गेले होते.

चौथा दिवस, शुक्रवार: पाविया

एस-१३ ही उपनगरी गाडी मिलानच्या पोटातून निघून पावियाला जाते; सेंत्रालेवरून प्रादेशिक गाडी घेतली तर अर्ध्या तासात पोचते. चेर्तोझा वाटेतच आहे, पण जातानाच तिथे उतरले की पावियात दुपारच्या बंद दारावर जाऊन आदळतो. आधी पाविया, मग परतीत चेर्तोझा.

सान पिएत्रो इन चेल द’ओरो, म्हणजे सुवर्णाकाशातला संत पेत्र, हे लाल विटांचे चर्च ११३२ मध्ये अभिषिक्त झाले. स्थानकापासून पायी वीसेक मिनिटे, व्हिस्कोंती किल्ल्याच्या जवळ. ऑगस्टीन पुढे आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप झाला आणि तिथेच वारला. त्याच्या अस्थी हिप्पोहून आधी सार्डिनियाला गेल्या आणि आठव्या शतकात लोंबार्ड राजा लिउत्प्रांदने त्या इथे आणल्या. वेदीवरची तीन टप्प्यांची संगमरवरी आर्का, म्हणजे त्याची समाधी, १३६२ ची. तळाशी सद्गुणांच्या मूर्ती, मधे देवदूतांनी धरलेल्या चादरीवर पहुडलेला बिशप, वर त्याच्या आयुष्यातले प्रसंग. मागच्या बाजूला फेरी मारल्याशिवाय निघू नये, बहुतेक लोक समोरूनच फोटो काढून जातात. तळघरात रोमन तत्त्वचिंतक बोएथिउसही आहे, ज्याला याच शहरात देहदंड झाला.

आता तो वाद. दहाव्या भागात ऑगस्टीन देवाला म्हणतो: तू जी आज्ञा करतोस ते पाळण्याचे बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये पेलागिउस या ब्रिटनहून आलेल्या तपस्व्यासमोर एका बिशपने हे वाक्य म्हटले आणि तो इतका संतापला की हमरीतुमरीवर यायचेच बाकी होते. त्याचा संताप उथळ नव्हता. रोममधल्या खात्यापित्या घरांतल्या लोकांना तो शिस्त लावू पाहत होता. बळही देवानेच द्यायचे म्हटले की प्रत्येक आळशाला सबब मिळते, हे त्याने पाहिले होते. आज्ञा दिली याचा अर्थ पाळण्याची ताकद आधीच दिली आहे, असे तो म्हणे. शाळेत नापास झाल्यावर अभ्यास कर म्हणणाऱ्या बापासारखे हे म्हणणे आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण मनातून पेलागिउसच्याच बाजूचे असतात.

ऑगस्टीनचे उत्तर नीट समजून न घेतल्यास ते दैववादासारखे भासते. तो इच्छा नाकारत नाही. पण माणूस हुकमाने हलत नाही, ओढीने हलतो. दगड खाली येतो, ज्योत वर जाते, तसे माणसाचे वजन म्हणजे त्याचे प्रेम. जिकडे ते ओढेल तिकडे तो जातो. मग प्रश्न उरतो तो असा की चांगल्याची ओढच मुळात नसेल तर ती आणायची कुठून? मनगटाच्या जोराने आवड निर्माण करता येत नाही. म्हणून तो पुन्हापुन्हा रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या पाचव्या ओवीकडे येतो: देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आमच्या अंतःकरणात ओतली आहे. ‘ओतली’ हा शब्द त्याला हवा असतो. मराठी पवित्र शास्त्रात इथे ‘प्रीती’ आहे आणि ‘देव प्रीती आहे’ इथेही तोच शब्द. लॅटिनमधला ‘कारितास’ समजून घ्यायला तो फार सोयीचा आहे, कारण आईची माया, मित्रांचा जिव्हाळा आणि देवाची ओढ तिन्ही त्यात मावतात. अवलंबून असणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. माणसावर जीव लावायला जे लागते तेही उसने मिळते, हे मान्य करणे.

४१८ मध्ये रोमन सम्राट होनोरिउसचा हुकूम निघाला, आफ्रिकेतल्या कार्थेजच्या परिषदेने पेलागिउसच्या मताचा निषेध केला. ऑगस्टीन जिंकला आणि मग आमच्या मते जास्त पुढे गेला. बाप्तिस्म्याविना मेलेली तान्ही बाळे, आधीच निवडलेले आणि न निवडलेले, इथवर त्याने तो धागा ताणला. पूर्वेकडच्या चर्चने त्याला तिथे साथ दिली नाही. ५२९ च्या ओरांजच्या परिषदेने कृपेचे त्याचे म्हणणे ठेवले आणि वाईटासाठीही देव कुणाला नेमतो हे मत धिक्कारले.

आर्कासमोर उभे राहून त्याचे शेवटचे दहा दिवस आठवावेत. ४३० चा ऑगस्ट, हिप्पोला व्हँडल सैन्याचा वेढा. त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून पलंगासमोरच्या भिंतीवर लावली आणि वैद्य व जेवण आणणारे सोडून कुणीही आत येऊ नये असे सांगितले. चरित्रकार पोसिदिउस सांगतो की ती वाचत तो रडत राहिला. कृपेवर सर्वाधिक लिहिणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःचे एकही पान वाचायला घेतले नाही.

पाचवा दिवस, शनिवार: रेल्वे

मिलान सेंत्राले ते रोमा तेर्मिनी वेगवान गाडीने तीन तासांच्या थोडे वर. आधी काढले तर तिकीट निम्म्याने स्वस्त पडते, पण सर्वांत स्वस्त तिकिटाची वेळ बदलता येत नाही. चुकली तर गेली.

या तीन तासांना ऑगस्टीनचाच एक दाखला जुळतो. परमुलखात अडकलेल्या माणसाला घरी जायचे आहे. त्यासाठी गाडी किंवा जहाज वापरावे लागते. पण वाटेवरची शोभा आणि गाडीचे डुलणे इतके आवडू लागले की घर विसरले, तर साधनच मुक्काम होऊन बसते. वापरणे वेगळे आणि एखाद्या गोष्टीत सुखावून विसावणे वेगळे. विसावायचे ते फक्त देवात. मग शेजारी, बायको, मित्र ही सारी वाहने? तत्त्वचिंतक हाना आरेंटने १९२९ च्या आपल्या प्रबंधात या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवले. ऑगस्टीनलाही ती खुपत होती. हा दाखला ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात तो पुढे वाक्य दुरुस्त करतो: माणसांनी एकमेकांत विसावावे, पण देवामध्ये. ही दुरुस्ती पुरेशी आहे का, हे ओस्तियात तपासायचे.

सहावा दिवस, रविवार: ओस्तिया आणि पुन्हा रोम

मेट्रोच्या बी मार्गाने पिरामिदे, तिथून लगतच्या पोर्ता सान पाओलो स्थानकावरून मेट्रोमारे ही उपनगरी गाडी. रोमचे १०० मिनिटांचे साधे तिकीट चालते. अर्ध्या तासाने ओस्तिया अँटिका. महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडला की गाव. जाड तळाचे बूट हवेत, कारण रोमन रस्त्याचे काळे दगड घोटा मुरगळवतात. सावली कमी, म्हणून पाणी आणि टोपी.

आधी उत्खननात न जाता गढीच्या वाडीतल्या सांत’आउरेआ चर्चमध्ये जावे. १९४५ मध्ये इथल्या आवारात खेळाचा खांब पुरायला खड्डा खणणाऱ्या मुलांना संगमरवराचा तुकडा लागला. त्यावरची अक्षरे मोनिकाच्या कबरीवरच्या त्या काव्याशी जुळली जे तोवर फक्त हस्तलिखितांतून माहीत होते. तुकडा चर्चमध्ये लावलेला आहे, भिंतीवर शोधावा.

३८७ मध्ये ही मंडळी आफ्रिकेच्या जहाजासाठी इथे थांबली होती. खिडकीशी उभे राहून, खाली बाग, आई आणि मुलगा बोलत राहिले. बोलणे वस्तूंवरून मनावर, मनापलीकडे गेले, आणि एका क्षणासाठी दोघांच्याही हृदयाचा ठोका जणू तिथे जाऊन टेकला. नंतर पुन्हा शब्दांत परतणे. ख्रिस्ती परंपरेतला हा मोठा साक्षात्कार एकट्याला झालेला नाही, दोघांना बोलता बोलता झालेला आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती तापाने पडली आणि नवव्या दिवशी गेली. वय छप्पन्नावे चालू, मुलगा तेहेतीस. थागास्तेत नवऱ्याशेजारी तिने आपली जागा आधीच ठरवून ठेवली होती आणि त्याची तिला फार काळजी असे. आता ती म्हणाली: हा देह कुठेही ठेवा, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

चौथ्या भागातला मित्राचा मृत्यू याच्याशेजारी ठेवून वाचावा. तरुणपणी मित्र गेला तेव्हा ऑगस्टीनला आपला अर्धा जीव गेल्यासारखे झाले, आणि तो गाव सोडून कार्थेजला पळाला. मर्त्य माणसावर तो कधी मरणारच नाही असे प्रेम केले, हे त्याचे स्वतःचे निदान. ओस्तियात तो आधी रडायचेच नाही असे ठरवतो. अदेओदातुस हंबरडा फोडतो, त्याला गप्प करतात. सोबतचा एवोदिउस स्तोत्रसंहिता उघडून गाऊ लागतो. ऑगस्टीन अंघोळीला जातो, स्नानाने दुःख हलके होते असे ऐकले होते म्हणून. होत नाही. (नेपच्यूनच्या स्नानगृहाची काळीपांढरी फरशी वरच्या गच्चीवरून पाहताना हे आठवते.) मग झोप लागते आणि जाग येताच अँब्रोजचे आठ अक्षरांचे चरण मनात येतात. तेव्हा कुठे बांध फुटतो, आणि देवासमोर आईसाठी रडलो याची लाज वाटत नाही, असे तो लिहितो. देवात प्रेम केले म्हणून दुःख कमी झाले नाही. फक्त ते कुठे नेऊन ठेवायचे ते कळले.

दुपारनंतर रोमला परत. पियाझा नावोनाजवळचे सांत’आगोस्तिनो दुपारी बंद असते, संध्याकाळी उघडते. मोनिकाच्या अस्थी १४३० मध्ये ओस्तियाहून रोमला आल्या. वेदीच्या डाव्या बाजूच्या दालनात त्या आहेत. डावीकडच्या पहिल्या दालनात काराव्हाज्जोचे चित्र आहे: दारात उभी मरिया आणि गुडघे टेकलेले दोन यात्रेकरू, पुरुषाचे मळके तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर. दिवा नाण्यावर चालतो, सुटी नाणी बाळगावीत. दाराजवळ सान्सोव्हिनोची मरियामाता, तिच्याभोवती सुखरूप बाळंतपणासाठी बोललेल्या नवसांच्या गुलाबी-निळ्या फिती. पर्यटक चित्राकडे धावतात. रोमच्या बायका फितींकडे.

सातवा दिवस, सवडीने: जुने गोवे

हा दिवस इटलीच्या सुट्टीत धरायचा नाही, कुठल्याही शनिवार-रविवारी जमतो. पणजीहून जुने गोवे दहा किलोमीटरच्या आसपास आहे, कदंबाच्या बस सतत असतात. बॉम जेझू बासिलिकेच्या समोरच्या टेकडीवर ऑगस्टीनच्या संघाचे पडके चर्च आहे. संघाचे साधू गोव्यात १५७२ मध्ये आले. त्यांची नियमावली ऑगस्टीनचीच, आणि तिच्या आरंभीचे सांगणे असे की एका घरात एकदिलाने राहा, तुमचे मन आणि हृदय देवाकडे एक असू द्या. आधी एकत्र राहणे, मग देवाकडे. कासागोच्या आठ जणांचा तो वसा.

चर्चचे नाव नोस्सा सेन्योरा दा ग्रासा, कृपामाता. पेलागिउसशी झालेला सगळा वाद त्या एका शब्दात जांभ्या दगडाच्या टेकडीवर येऊन बसला आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संघ बंद केल्यावर छपराची देखभाल थांबली. १८४२ मध्ये घुमटी छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा. जॉर्जियाच्या राणी केतेवानचा १६२४ मध्ये शिराझमध्ये छळ करून वध झाला. तिच्या अस्थींचा तुकडा याच ढिगाऱ्यात सापडला आणि २०२१ मध्ये जॉर्जियाला सुपूर्द झाला. पावसाळ्यात जांभा निसरडा होतो, चढणीवर चपला नकोत. उरलेला मनोरा ४६ मीटरचा, भोवतीच्या फरशीवर थडग्यांचे दगड. घंटा इथे नाही. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चच्या शुभ्र दर्शनी भिंतीवर, त्या नागमोडी जिन्याच्या वर टांगलेली आहे. परतीच्या बसमधून उतरल्यावर चालत पाच-दहा मिनिटे.